कॉर्नेटचं मधलं बटण

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख मी फार वाढू देत नाही आणि मुळापासून कापतही नाही. ते माझं कामाचं हत्यार आहे. सातिवलीच्या एका लहानशा कारखान्यात मी तयार माल तपासते. माल म्हणजे काय, तर पोलादाच्या बारीक बारीक दांड्या. काही तांदळाच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून लहान. दातांच्या डॉक्टरच्या ड्रिलमध्ये, मीटरमध्ये, कुठल्या कुठल्या छोट्या मोटरमध्ये त्या गरगर फिरतात आणि शेजारच्या भागाला घासून घासून झिजतात. त्या लवकर झिजू नयेत म्हणून त्यांचं अंग किती खडबडीत आणि किती गुळगुळीत असावं हे ठरलेलं असतं. ते तसं आहे की नाही हे बघण्याचा मला पगार मिळतो. त्यासाठी कारखान्यात महागडं मशीन आहे, पण मशीनच्या आधी आम्ही नख फिरवतो. डोळ्याला जे दिसत नाही ते नखाला कळतं.

ही सवय घरी आली आणि माझी बदनामी झाली. हॉटेलात ताट पुढे आलं की मी आधी त्याच्या कडेवरून नख फिरवते, मग वाढू देते. दुधी घेताना नख टोचून बघणं सगळ्याच बायका करतात, पण मी भाजीवालीच्या वजनांवरही फिरवते. माझ्या भाचीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यामुलाच्या आईने मोठ्या कौतुकाने चांदीची फुलदाणी आणली होती. मी नख फिरवलं आणि म्हणाले, "पॉलिश बरं आहे, पण आतल्या बाजूला बर राहिलाय." धातू कापल्यावर कडेला जी बारीक धार उरते तिला आमच्या धंद्यात बर म्हणतात. त्या बाईंना हे कुठून माहीत असणार? त्यांनी फुलदाणी माझ्या हातातून ओढून घेतली आणि पदराने पुसली. भाची बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

तर मी अशी. आणि माझे पप्पा कॉर्नेट वाजवतात.

वसईजवळच्या वटारला आमच्या वाडीत पप्पांनी आयुष्यभर केळी पिकवली, आणि लग्नसराईत गावोगावच्या मांडवांत कॉर्नेट वाजवलं. आता पंचाहत्तरी ओलांडली. केळी माझा भाऊ बघतो, पण कॉर्नेटला पप्पा कोणाला हात लावू देत नाहीत. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा बुटका भाऊ. वर तीन बटणं असतात. प्रत्येक बटणाखाली अंगठ्याएवढा एक पिस्टन, तो आपल्या नळीत वरखाली होतो. बटण दाबलं की हवेची वाट बदलते आणि सूर बदलतो. पिस्टन आणि नळी यांच्यात केसाहूनही कमी फट असते. फट वाढली तर हवा गळते, फटीत घाण बसली तर पिस्टन अडकतो. म्हणजे बाहेरून कितीही मोठा पितळी थाट असला तरी सगळा कारभार त्या तीन अंगठ्यांवर चालतो.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडव असतो, आणि मांडवाला बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जातात. परत येताना वाजवायची एक ठरलेली चाल आहे. तिच्या शेवटी गिरकी येते. सूर धाडधाड खाली उतरतात आणि श्वासभरात पुन्हा वर चढतात. त्या गिरकीला डोक्यावर कळश्या घेतलेल्या बायका जागच्या जागी गर्रकन फिरतात. गिरकी नीट पडली तर पाण्याचा थेंब सांडत नाही. पप्पांची गिरकी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. पप्पा वाजवणार असले तर बायका कळश्या काठोकाठ भरायच्या.

गेल्या डिसेंबरात एका मांडवाला पप्पा गिरकीच्या मधोमध अडखळले. एक सूर पडलाच नाही. बायका अर्ध्या फिरून थांबल्या, आणि एकीची अख्खी कळशी नवऱ्यामुलाच्या मामाच्या सफारी सुटावर रिकामी झाली. लोक हसले, पप्पाही हसले. पुढच्या लग्नात तेच झालं. त्याच्या पुढच्याही. मग कोणी हसलं नाही, आणि बायकांनी कळश्या अर्ध्याच भरायला सुरुवात केली. ते पप्पांना फार लागलं.

जानेवारीत बँडमास्तर घरी आले. ते पाचूबंदरचे, क्लॅरिनेट वाजवतात, आणि बँड त्यांच्या नावावर आहे. येताना पप्पांसाठी ताजी पापलेटं घेऊन आले, तेव्हाच माझ्या मम्मीने ओळखलं की काहीतरी वाईट बोलायला आलेत.

"काका, रागावू नका," मास्तर म्हणाले. "बोटं थकली तुमची. थकतात. कोनाचीबी थकतात. मी काय बोलतो, आता गिरकी माझा मेवना वाजवंल. तुम्ही बाकीची चाल वाजवा."

मास्तरांचा हा मेहुणा ट्रंपेट वाजवायचा, केस काळेकुळकुळीत रंगवायचा, आणि बेसूर नव्हता, हीच पप्पांची त्याच्याविरुद्ध मोठी तक्रार होती.

"बोटांना काय झालंय?" पप्पा म्हणाले. "बटण अडकतंय. मधलं. ते दुरुस्त केलं की झालं. आणि मे महिन्यात माझ्या नातीचा मांडव आहे. तिथली गिरकी तुझा मेहुणा वाजवणार?"

मास्तरांनी खाली बघितलं. "नातीची तुम्हीच वाजवा," ते म्हणाले. "पन तवर बटन नीट करून घ्या. नायतर पोरीच्या मांडवात तुमचं हसं व्हईल, आनि ते मला बघवनार नाय."

मग ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. उपवासकाळात आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नं होत नाहीत, त्यामुळे बँडला सुट्टी. या दिवसांत सगळे बँडवाले आपापली वाद्यं काढून घासतात. मांस नाही, लग्न नाही, मग माणूस घासणार नाही तर काय करणार? बाकीचे बाहेरून घासतात. पप्पांनी या वर्षी मधला पिस्टन बाहेर काढला, आणि रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की मम्मीच्या जुन्या सुती साडीचा तुकडा आणि पितळेची भांडी घासायची पावडर घेऊन अंगणात बसायला लागले. मम्मी सांगायची, या वर्षी यांनी देवाकडे कमी आणि त्या अंगठ्याकडे जास्त लक्ष दिलं.

ईस्टरला मी माहेरी गेले तर पप्पांनी पिस्टन माझ्या हातात ठेवला. "बघ, तोंड दिसतंय की नाही?"

दिसत होतं. माझ्या नाकावरची पुटकुळीसुद्धा दिसत होती. मी नख फिरवलं. नख नुसतं घसरलं.

"पप्पा, हे काय करून ठेवलंत?"

"गुळगुळीत केलं. आता अडकणार नाही."

"आता जास्त अडकेल!"

"तू दांड्या तपासतेस गो," पप्पा म्हणाले, "मी हे तुझ्या जन्माआधीपासून वाजवतोय." आणि त्यांनी पिस्टन आत घालून बटण दाबलं. बटण खाली गेलं आणि वर आलंच नाही. पप्पांनी कॉर्नेट हलवलं, उलटं केलं, बुडाला चापट मारली. मग बऱ्याच वेळाने, नगरपालिकेतल्या अर्जासारखं, ते एकदाचं वर आलं.

गुळगुळीत म्हणजे चांगलं, हा माणसांचा एक लाडका गैरसमज आहे आणि मी त्याच्याशी रोज भांडते. कितीही चकचकीत धातू घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगरदऱ्यांचाच असतो. त्या दऱ्यांमध्ये तेल राहतं, आणि ते तेल दोन्ही धातूंना एकमेकांपासून लांब ठेवतं. सगळे डोंगर घासून सपाट केलेत तर तेलाला बसायला जागाच उरत नाही, आणि दोन धातू एकमेकांना चिकटतात. दोन ओली स्टीलची ताटं एकात एक ठेवून बघा, मग सोडवायला घरातल्या पुरुषाला हाक मारा. पाट्यावर वाटण होईना झालं की आपण टाकीवाल्याला बोलावून पाटा मुद्दाम खडबडीत करून घ्यायचो, तेच हे. हे सगळं मी पप्पांना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग देवाने आरसा कशाला केला?"

पण मला त्या दिवशी खरं तर फार आनंद झाला होता. डिसेंबरपासून मी मनातल्या मनात घाबरले होते की मास्तर म्हणतात तेच खरं असेल. आता माझ्या हातात पुरावा होता. घासलेला, अडकणारा, बिघडलेला पिस्टन! "पप्पा," मी म्हणाले, "तुमच्या बोटांचा काही दोष नाही. सगळा गुन्हा या बटणाचा आहे. द्या माझ्याकडे, मी करून आणते." पप्पांचा चेहरा असा उजळला की मला लगेच कारखान्यात जावंसं वाटलं, पण ईस्टरचा रविवार होता आणि जेवायला मटण होतं.

सोमवारी मी कॉर्नेट टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर पायांशी ठेवलं, पिस्टन जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात, आणि पूल ओलांडून सातिवली गाठली. आमचे क्वालिटीचे साहेब मूळचे साताऱ्याचे, विरारला फ्लॅट, आयुष्यात कधी बिनमापाची गोष्ट न केलेले. चहात साखरसुद्धा चमच्याने सपाट करून घालतात.

"पार्ट कशाचा?" त्यांनी विचारलं.

"कॉर्नेटचा."

"ड्रॉइंग कुठाय?"

"ड्रॉइंग नाही साहेब."

"मग टॉलरन्स कोणी ठरवला?"

"पप्पांनी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी पिस्टन उचलून दिव्यासमोर धरला आणि त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. रोज त्याच त्या दांड्या बघून माणूस किती कंटाळलेला असतो हे मला तेव्हा कळलं. त्यांनी दाराला आतून कडी लावली.

आमच्या मशीनला एक सुई असते. ती धातूवरून हळूहळू सरकते आणि पडद्यावर रेघ काढते. आमच्या दांड्यांची रेघ कापलेल्या गवतासारखी येते, सगळीकडे सारखी बारीक. पप्पांच्या पिस्टनची रेघ बराच वेळ सरळ आली, अगदी झोपल्यासारखी, मग मध्येच एक खोल खड्डा, मग परत झोप. "हा चरा पावडरीचा," साहेब म्हणाले. "घासणारा माणूस जोरकस आहे." मग त्यांनी व्यास मोजला. वर मोजला, खाली मोजला, मध्ये मोजला. मध्ये परत मोजला. "अहो, याला कंबर आलीये!" ते ओरडले. पप्पांनी मधला भाग जास्त घासला होता, त्यामुळे पिस्टन मधे बारीक झाला होता. वर आणि खाली अडकायचा, मधून हवा गळायची. शिवाय नळीत उरलेली पावडर तेलात कालवून तिची छान चटणी झालेली.

नंतरचे कितीतरी दिवस आमची जेवणाची सुट्टी त्या पिस्टनने खाल्ली. नळीतली चटणी मी काढली. शेजारच्या गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याने पिस्टनवर निकेलचा थर चढवला. मग नळीत बारीक पेस्ट लावून पिस्टन हाताने गोल फिरवत वरखाली करायचा, म्हणजे अंगावर तिरक्या बारीक रेघा पडतात आणि त्यांत तेल राहतं. हे काम कोणी करायचं यावरून माझं आणि साहेबांचं वाजलं. साहेब म्हणाले, मी डिपार्टमेंटचा हेड. मी म्हणाले, पप्पा माझे. शेवटी वरखाली मी करायचं आणि गोल साहेबांनी फिरवायचं असं ठरलं. एका पिस्टनवर दोन मोठी माणसं डोक्याला डोकं लावून अशी बसलेली बघून शेजारच्या गाळ्यातल्या बायका दारातून हसून गेल्या.

झालं तेव्हा मी पिस्टन नळीत सोडला. तो आपल्या वजनाने हळूहळू, पाहुणा सोफ्यावर बसावा तसा, खाली गेला. मग स्प्रिंग बसवली, तर बटण दाबून सोडलं की लगेच वर. बाजूची नळी ओढली तर बुचासारखा फट्ट आवाज आला, म्हणजे हवा कुठेही गळत नव्हती. साहेबांनी टाळी वाजवली. मग त्यांना राहवेना, त्यांनी कॉर्नेट तोंडाला लावून फुंकलं. असा आवाज आला की समोरच्या गोडाऊनचा वॉचमन म्हैस आत शिरली का बघायला धावत आला. मी साहेबांना मांडवाचं आमंत्रण तिथल्या तिथे दिलं.

त्याच संध्याकाळी मी वटारला गेले. पप्पांनी बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. मग त्यांनी हळू एक चाल वाजवली, आणि मम्मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. इतका स्वच्छ सूर त्या घरात मी लहानपणीच ऐकला होता. माझा जीव भांड्यात पडला.

"आता गिरकी," मी म्हणाले.

पप्पांनी गिरकी घेतली आणि ती मधोमध अडखळली.

"तेल कमी आहे," पप्पा म्हणाले. आम्ही तेल घातलं. पुन्हा घेतली, पुन्हा त्याच जागी. "अजून अडकतंय गो. बघ नीट." मी नीट बघितलं. पिस्टन काढला, नख फिरवलं, घातला. पुन्हा त्याच जागी.

मग मला एक दिव्य कल्पना सुचली. मी म्हणाले, पप्पा, तुम्ही फुंका, पहिलं आणि तिसरं बटण तुम्ही दाबा, मधलं मी दाबते. म्हणजे कळेल बटण अडकतं की नाही. मी त्यांच्या बाजूला अगदी चिकटून उभी राहिले. पप्पांचे फुगलेले गाल माझ्या नाकाला लागत होते. मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही, त्यामुळे पप्पांनी मान हलवली की मी दाबायचं असं ठरलं. जे काही वाजलं त्याला चाल म्हणणं पाप आहे. शेजाऱ्यांचा कुत्रा रडायला लागला. मम्मी हसून हसून पायरीवर बसली. मी पण हसत होते, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की बटण प्रत्येक वेळी खाली जातंय आणि प्रत्येक वेळी वर येतंय. हवं तितक्या वेगाने, एकदाही न थांबता.

पप्पांच्या ते माझ्या आधी लक्षात आलं होतं. त्यांनी कॉर्नेट खाली घेतलं आणि आपलं मधलं बोट वाकवून, सरळ करून बघितलं. वाकायला ते हळू वाकत होतं, आणि सरळ व्हायला त्याहून हळू.

"बोटच आहे," ते म्हणाले.

मला रडू आलं, आणि साहेबांचा, प्लेटिंगवाल्याचा, त्या सुईच्या मशीनचा आणि सगळ्यात जास्त माझा राग आला. डिसेंबरपासून पप्पांकडे एकच आडोसा होता, बटणाचा. तो मी माझ्या हाताने घासून, निकेल लावून, तेल घालून काढून टाकला होता. काम मात्र अप्रतिम झालं होतं.

मांडवाच्या आधीच्या आठवड्यात पप्पा रिक्षा करून नालासोपाऱ्याला माझ्या घरी आले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून पिस्टन काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा परत होता तसा करून दे."

"म्हणजे?"

"म्हणजे अडकेल असा. थोडासाच. लोकांना दिसेल एवढा. चरे पाड, वाकडा कर, तुझं तू बघ. तुला कळतं त्यातलं."

"पप्पा, मी बिघडलेला माल बाजूला काढते. चांगला माल बिघडवत नाही!"

"एकदा," पप्पा म्हणाले. "नातीच्या मांडवापुरता. मग परत नीट कर."

मी संतापले. संताप कशाचा ते मला नीट सांगता येत नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. म्हणाले, साहेबांनी स्वतः फिरवलाय तो, असा पिस्टन वसई तालुक्यात दुसरा नसेल, आणि तुम्ही त्याला चरे पाडायला सांगता? गिरकी जमत नसेल तर नका वाजवू, मेहुण्याला वाजवू द्या. हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते परत गिळावंसं वाटलं. पप्पांनी पिस्टन रुमालात गुंडाळला. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, चहा प्यायले, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि गेले.

मांडवाच्या संध्याकाळी सगळा गाव विहिरीवर लोटला होता. साहेब भर मे महिन्यात कोट घालून आले होते, आणि भेटेल त्याला सांगत होते की कॉर्नेटचा मधला पिस्टन बघा, तो आमचा. भाची पिवळ्या साडीत, गालांना हळद, तिने आजोबांना लांबूनच हात केला. बायकांनी कळश्या भरल्या. काठोकाठ भरल्या! नातीचा मांडव म्हणजे काका वाजवणारच, असं त्यांना वाटलं असणार. मेहुणा ट्रंपेट काखेत धरून मागे उभा होता. मी पप्पांकडे बघत होते. ते कोणाकडेच बघत नव्हते.

चाल सुरू झाली. विहिरीपासून वाटेवर, वाटेवरून आमच्या फाटकापर्यंत पप्पांनी इतकं गोड वाजवलं की साहेबांनी कोटाची बटणं उघडली. मग गिरकी आली. पप्पांनी श्वास घेतला. सूर खाली उतरले, एक, दोन, तीन, आणि तिथेच सांडले. बायका अर्ध्या फिरल्या, थांबल्या, पाणी हिंदकळून सगळ्यांच्या अंगावर आलं. ढोल एकटाच दोन ठोके पुढे गेला आणि तोही गप्प झाला.

मला वाटलं, आता पप्पा बटणाकडे बोट दाखवतील. त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी कॉर्नेट खाली घेतलं, भिजलेल्या बायकांकडे बघितलं, नातीकडे बघितलं, आणि बोलायला तोंड उघडलं. ते काय बोलणार आहेत ते मला माहीत होतं, आणि ते सगळ्या गावासमोर त्यांच्या तोंडून ऐकायची माझी अजिबात तयारी नव्हती.

तेवढ्यात बँडमास्तर पुढे झाले आणि त्यांनी पप्पांच्या हातातून कॉर्नेट घेतलं. मधलं बटण दाबलं. टप. सोडलं. टप. मी हातभर अंतरावर उभी होते, मला तो आवाज ओळखीचा होता. बटण लोण्यात सुरी जावी तसं जात होतं. मास्तरांनी परत दाबून बघितलं. मग पप्पांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. आणि फाटकाबाहेरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "कोनी हात लावला याला? पार जाम हाय बटन! असल्या बटनावर कोन वाजवंल?"

"जाम?" साहेब गर्दीतून पुढे घुसले. "शक्यच नाही! मी स्वतः..."

मी त्यांच्या पायावर पाय ठेवला. टाच रोवून. "मी हात लावला," मी म्हणाले. "कारखान्यात नेऊन मीच बिघडवलं. चांगलं होतं आधी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं, पप्पांकडे बघितलं. क्वालिटीचा माणूस, आयुष्यात खोटा आकडा लिहिला नाही. त्यांचा चेहरा दाढ काढल्यासारखा झाला. "हो," ते शेवटी म्हणाले. "प्लेटिंग जरा जाड झालं आमचं."

पप्पा क्षणभर तिघांकडे बघत राहिले. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि सुरू झाले. "सांगितलं होतं मी हिला! हात लावू नको म्हणून सांगितलं होतं! माझ्या अंगणात बसून मी कसं आरशासारखं केलं होतं, तोंड दिसायचं त्यात! हिला दांड्यांपलीकडे काय कळतंय? नख फिरवते म्हणे नख!" सगळा गाव माझ्याकडे बघून च्यक च्यक करत होता. भाची कपाळाला हात लावून उभी होती. आणि पप्पा बोलता बोलता असे तरारले होते की मी त्यांना मध्ये थांबवलं असतं तर तो गुन्हा झाला असता.

मग ते मागे वळले आणि मेहुण्याला म्हणाले, "बघतोस काय? माझं वाद्य या लोकांनी मोडलं. घे, तू वाजव. मी सांगतो तसं." बायकांनी कळश्या पुन्हा भरून आणल्या. मेहुण्याने गिरकी घेतली आणि पप्पा त्याच्या पुढे उलट्या पावलांनी चालत, हाताने सूर खाली उतरवत, वर चढवत, "हां, आता फिरा!" म्हणत सगळ्या बायकांना फिरवत फाटकातून आत घेऊन आले. थेंब सांडला नाही.

जेवणाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी येऊन बसले. कॉर्नेट मांडीवर होतं. आजूबाजूचे लोक वाढप्याला हाका मारण्यात गुंतलेत असं बघून त्यांनी मधलं बटण हळूच दाबलं, सोडलं, परत दाबलं.

"काय सुंदर चालतं गो," ते म्हणाले.

"चालतं," मी म्हणाले.

"कोणाला सांगू नको."